पोंगा वाळण्याआधी



उसावरच्या किडींविषयी आम्ही या पत्रिकेत नेहमी लिहितो. आज घरातल्या किडीविषयी लिहायचे आहे. हा विषय शेतकी खात्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण शिवारात फिरताना जे दिसले ते सांगणे आम्ही आमचे कामच समजतो.

मागच्या लागणीच्या वेळी एका सभासदाच्या ओट्यावर बसलो होतो. त्यांच्या नववीतल्या मुलाच्या दप्तरातून पेनासारखी एक नळी खाली पडली. ती ई-सिगारेट निघाली. पोरं तिला व्हेप म्हणतात. आतली बॅटरी निकोटीनचा द्राव तापवते आणि त्याची वाफ ओढायची. वास आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा. बिडीसारखा दर्प नाही, म्हणून आईबापाला पत्ता लागत नाही. वडील हात उगारून उठले. पोरगा एवढेच म्हणाला, "आबा, तंबाखूची पुडी आणायला तर तुम्हीच पाठवता ना!" आबांचा हात खाली आला. खरे सांगायचे तर आमचाही हात तेव्हा खिशातल्या चुन्याच्या डबीवर होता.

कायदा नाही असे नाही. ई-सिगारेट बनवणे, विकणे, साठवणे यावर देशात 2019 पासून बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुटखाबंदी राज्यात 2012 साली आली. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकू नये, शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नको, हे 2003 च्या कायद्यातच आहे. तरीही मुंबई-आग्रा रस्त्यावर गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कायदा म्हणजे बांधावरचे कुंपण. राखण घरच्यालाच करावी लागते.

देशात 2019 साली 13 ते 15 वयाच्या विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शंभरात साडेआठ मुले तंबाखू वापरणारी निघाली. ई-सिगारेट कधीतरी ओढलेली शंभरात तीनसुद्धा नव्हती. म्हणजे खरा जोर अजून पुडीचाच. चघळण्याची सुरुवात तर साधारण दहाव्या वर्षी होते, असे त्यात दिसले. आम्हाला वाटते, व्हेप ही नवी लागण नाही. जुन्या तंबाखूचाच तो खोडवा आहे. बुडखा आपल्या घरात आहे.

"वयच तसं आहे, मोठा झाला की सुटेल," असे काही जण म्हणतात. खोडकीड कधी लागते ते आठवा. पहिल्या तीन-चार महिन्यांत, कोंब कोवळा असताना. बाहेरून पीक हिरवेगार, आणि पोंगा वाळला की मग कळते. माणसाच्या मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालते. त्या कोवळ्या वयात निकोटीन गेले की त्याची ओढ पक्की बसते. हेच निकोटीन एकेकाळी मावा मारायला फवारत असत, हे जुन्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

म्हणून आमचे म्हणणे थोडके आहे. पोरांना पुडी आणायला पाठवू नका. तोडणीच्या टोळ्यांबरोबर लेकरे येतात, त्यांच्या हातीही देऊ नका. नळी सापडली तर मारझोड करू नका. जवळ बसवून विचारा, कुणी दिली, कधीपासून. मार बसला की पोर लपवायला शिकते. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. आणि शाळेजवळच्या टपऱ्यांचा विषय येत्या वार्षिक सभेत कुणीतरी मांडावा. साखर उताऱ्यावर आपण तासभर भांडतो, यावर दहा मिनिटे द्यायला काय हरकत आहे?

आम्ही त्या दिवसापासून डबी सोडली आहे. हात अजून खिशाकडे जातो. चाळिशी उलटलेल्या माणसाची ही गत, तर नववीतल्या पोराचे काय होत असेल, याचा सभासदांनी विचार करावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी