जर्मनीची वाट आणि कौशल्याची मान्यता

जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य आणि महाराष्ट्र यांच्यात फेब्रुवारी 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर, वाहनचालक अशा व्यवसायांतील मराठी तरुणांना जर्मन भाषा शिकवून तिकडे रोजगार मिळवून द्यावा, असे त्याचे स्वरूप आहे. मुंबई आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गची राजधानी स्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी शहरे असल्यामुळे या दोन प्रदेशांचा परिचय नवा नाही. तथापि करारानंतरची सारी चर्चा भाषावर्ग आणि व्हिसा या दोनच गोष्टींभोवती फिरत राहिली आहे, आणि ज्या टप्प्यावर कुशल स्थलांतरिताचे खरे नुकसान होते तो टप्पा त्यात जवळजवळ दुर्लक्षित राहिला आहे.

बाडेन-व्युर्टेम्बर्गचा श्रमबाजार आज एकाच वेळी दोन विरुद्ध दिशांनी बदलत आहे. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश यांचे हे माहेरघर. परंतु विजेवर चालणाऱ्या मोटारीला इंजिन व गिअरबॉक्सचे सुटे भाग फारच कमी लागत असल्यामुळे पारंपरिक सुट्या भागांचे कारखाने आकुंचन पावत आहेत. फ्रीडरिक्सहाफेन येथील झेडएफ या वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कंपनीने जर्मनीतील 14,000 पर्यंत नोकऱ्या 2028 अखेरपर्यंत कमी करण्याचे जुलै 2024 मध्ये जाहीर केले. त्याच राज्यात रुग्णालये आणि वृद्धसेवा केंद्रे यांना माणसे मिळत नाहीत, कारण लोकसंख्या वृद्ध होत आहे आणि जुनी पिढी निवृत्त होत आहे. पुणे-चाकण परिसरातील वाहन उद्योगात तयार झालेल्या तरुणाला स्टुटगार्टची ओढ वाटणे स्वाभाविक असले, तरी मागणी त्याच्या ओळखीच्या कारखान्यात असेलच असे आता गृहीत धरता येत नाही.

याहून मोठा प्रश्न मान्यतेचा आहे. परदेशात मिळविलेली पात्रता जर्मन पात्रतेच्या तोडीची आहे किंवा नाही, हे अधिकृतपणे ठरविण्याच्या प्रक्रियेला तेथे ‘आनएरकेनुंग’ म्हणतात, आणि 2012 च्या केंद्रीय कायद्याने अशा मूल्यमापनाचा हक्क परदेशी अर्जदारालाही दिला. परिचर्या हा नियंत्रित व्यवसाय, म्हणजे मान्यतेवाचून ज्याचे काम त्या नावाने करताच येत नाही असा व्यवसाय आहे. त्यामुळे तीन वर्षांचा जीएनएम हा परिचर्या पदविकेचा अभ्यासक्रम आणि अनेक वर्षांचा वॉर्डमधील अनुभव गाठीशी असलेल्या परिचारिकेलाही जर्मन भाषेची बी-2, म्हणजे वरची मध्यम पातळी गाठावी लागते, आणि अभ्यासक्रमातील उणिवा दाखविल्या गेल्यास पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा पूर्ण होईपर्यंत सहायक म्हणून कमी वेतनावर राबावे लागते. अनुभवी स्त्रीच्या आयुष्यातील हा काळ केवळ कागद अपुरे असल्यामुळे वाढत असेल, तर ती गोष्ट अन्यायाचीच म्हटली पाहिजे, कारण अभ्यासक्रमाचा विषयवार तपशील आणि तासांचा हिशेब संबंधित महाविद्यालयाला तिच्या प्रस्थानापूर्वीच देता येतो.

आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढील अडचण अधिक खोल आहे. मार्च 2024 पासून अनियंत्रित व्यवसायांतील अनुभवी कामगाराला, विहित वेतन मिळत असल्यास, जर्मन मान्यतेशिवाय काम करण्याची मुभा मिळाली. तसेच जर्मनीत येऊन काम करता करता मान्यता मिळविण्यासाठी मालक व कामगार यांच्यातील मान्यता-भागीदारीची सोयही झाली. परंतु दोन्ही वाटांना शासनमान्य प्रशिक्षण किमान दोन वर्षांचे असावे ही अट आहे. आपल्याकडील वीजतंत्री, फिटर आणि वायरमन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे असल्याने त्या अटीत बसतात, तर वेल्डर आणि प्लंबर हे एका वर्षाचे असल्याने बाहेर राहतात. प्लंबरला जर्मन शिकवून तयार करणाऱ्या यंत्रणेने ही बाब प्रवेशाच्या दिवशीच त्याच्यासमोर मांडली पाहिजे, आणि कारखान्यातील काम व व्यवसायशाळा यांची सांगड घालणाऱ्या, विद्यावेतन देणाऱ्या जर्मन दुहेरी प्रशिक्षणाची वाटही त्याच वेळी दाखविली पाहिजे. ट्रक वा बसचालकाची स्थितीही निराळी नाही: भारतीय परवाना तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून केवळ सहा महिने चालतो, आणि त्यानंतर लेखी व प्रत्यक्ष चाचणी देऊन नवा परवाना घ्यावा लागतो.

बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये स्थलांतरितांना आणि छोट्या उद्योगांना सल्ला देणारी ‘वेलकम सेंटर’ नावाची केंद्रे राज्याच्या साहाय्याने चालतात. त्यांची उपयुक्तता मोठी असली तरी ती तिथे पोहोचल्यानंतरची आहे, आणि तोपर्यंत घरचे दागिने गहाण ठेवून एजंटाचे पैसे भरले गेलेले असू शकतात. प्रस्थानापूर्वीच्या सल्ल्याचे काम आपल्याकडील जिल्हा कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्रांकडे सोपविणे म्हणूनच युक्त ठरेल. उमेदवाराची पात्रता कोणत्या जर्मन व्यवसायाशी तोलली जाईल, अर्ज कोणत्या कार्यालयाकडे जाईल, उणीव निघाल्यास ती भरून काढण्याचा खर्च कोण सोसेल आणि नेमका कोणता मालक कोणत्या पदावर, किती वेतनावर घेणार आहे, एवढ्या बाबी लेखी हाती आल्यावाचून कोणालाही महिनोन्‌महिने चालणाऱ्या भाषावर्गात बसवू नये. आणि जे आधीच भाषेची परीक्षा देऊन नियुक्तीची वाट पाहत बसले आहेत, त्यांच्या प्रकरणांपासून या तपासणीचा आरंभ व्हावा.