खुरटलेल्या कोळंबीचा हिशेब

भाताचें पीक बुडालें तर त्याचा पंचनामा होतो. नुसतें उणें आलें तरी पैसेवारींत तें दिसतें. कोळंबीच्या तळ्यास पैसेवारी नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें आम्हांस ही उणीव विशेष जाणवते.

आमच्या चारकोपच्या खाडीकांठीं आतां तिवरांच्या पाठीस इमारती उभ्या आहेत. परंतु उत्तरेस पालघर व दक्षिणेस रायगड या जिल्ह्यांत खाऱ्या पाण्याच्या तळ्यांतून कोळंबी पाळली जाते. तिला एक अतिसूक्ष्म विषाणू जडतो. एका मिलिमीटरांत त्याचे सुमारें ४५,००० कण ओळीनें बसतील. याच कुळांतील दुसरे विषाणू रेशमाच्या किड्यांस ग्रासतात. हा विषाणू १९८१ सालीं हवाई बेटांत निळ्या कोळंबीच्या तळ्यांत आढळला; तेथें पिलांची मरतूक शेंकडा ९० पर्यंत गेली.

आपल्याकडील वनामी कोळंबी मात्र यानें सहसा मरत नाहीं. तिची सोंड वांकडी होते, मिशा सुरकुततात, आणि एकाच तळ्यांत कांहीं वाढतात, कांहीं खुरटतात. किलोस किती नग बसतात यावर बाजारभाव ठरतो. म्हणून तळें भरलेलें दिसूनही पदरीं तोटा येतो.

या रोगावर औषध नाहीं. वांचलेली कोळंबी जन्मभर विषाणू बाळगते व संततीसही देते. अर्थात् बीं पारखून घेणें हाच खरा उपाय होय. २००९ सालीं वनामीस परवानगी देतांना सरकारनें रोगमुक्त प्रजनकच आणावे व ते चेन्नईच्या विलगीकरण केंद्रांत तपासले जावे असा निर्बंध घातला, तो याचसाठीं. विनापावती स्वस्त बीं घेणारा शेतकरी हा बंदोबस्त आपल्याच हातानें मोडतो. तपासणीस खर्च येतो, असें कोणी म्हणेल; पण खुरटलेल्या कोळंबीस खाद्य घालण्याचा खर्च त्याहून मोठा आहे.

आमचें म्हणणें असें कीं, परीक्षेच्या दाखल्यावांचून बीं घेऊं नये. दर आठवड्यास तळ्यांतील शंभर कोळंब्या तोलून वजनें वहींत लिहावीं. लहानमोठ्यांत अंतर वाढत गेलें, तर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणच्या जाणत्यांचा सल्ला घ्यावा. सरकारनें व विमा कंपन्यांनींही नुकसानी ठरवितांना मरतुकीबरोबर खुरट मोजावी. मात्र ही मागणी करणाऱ्याजवळ वही पाहिजे. नोंदीवांचून केलेला अर्ज कोणत्याही कचेरींत टिकत नाहीं. सुज्ञ बंधूंनीं येत्या हंगामापासूनच ती घालावी, अशी आमची विनंती आहे.