हिरवे बुडीत खाते

लॉनशी माझे खानदानी वैर नाही. साहेबाच्या देशात बारा महिने पाऊस भुरभुरतो. तिथे लॉन उगवणार नाही तर काय करील? माझे भांडण आहे ते आमच्या चारकोपच्या सोसायटीतल्या, वीस बाय तीस फुटांच्या लॉनशी.

चारकोपची ही वसाहत उभी राहिली ती जागतिक बँकेच्या मदतीने. १९८५ साली कर्ज मंजूर झाले आणि म्हाडाने भूखंड पाडून दिले. बरेचसे २५ ते ४० चौरस मीटरचे. साधारण पस्तीस बिऱ्हाडांची एकेक सोसायटी आणि मध्ये सगळ्यांचा मिळून चौक. घरात पाय पसरायला जागा नाही, म्हणून तो चौकात पसरायचा, असा सरळ हिशेब. पापडाचे वाळवण, पोरांचे क्रिकेट, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या, गणपती, सगळे तिथेच.

या चौकात आमच्या कमिटीने कोरियन गवत लावले. सोबत पाटी आली : ‘गवतावर चालू नये.’ पहिल्या वर्षी गवतावर कोणी चालले नाही. दुसऱ्या वर्षी गवतच तिथून चालते झाले. त्याच्या जागी लव्हाळा, केना, टाकळा अशी मंडळी बिनभाड्याने राहायला आली. लगेच सभा! विषय : तणाचा बंदोबस्त. तणनाशक आणि नवे लॉन, वर्गणी प्रत्येकी हजार रुपये.

मी उभा राहिलो. म्हटले, “सेक्रेटरीसाहेब, कर्ज बुडते म्हणून वसुलीवाला येतो. तुम्ही म्हणता, वसुलीवाला आला म्हणून कर्ज बुडाले!”

अहो, लॉन तणाने मेले नाही. लॉन मेले, म्हणून तण आले. या गवताला भरपूर ऊन लागते. घरे बैठी होती तेव्हा चौकात ऊन होते. पुढे प्रत्येकाने मजले चढवले, वर पत्रे टाकले. (माझेही आहेत. मी काही साधू नाही.) आता ऊन दहाला येते आणि दोनला जाते, पूर्वीच्या बँकेच्या वेळेसारखे. त्यात गवत थोडे उंच ठेवायचे सोडून आम्ही माळ्याकडून ते मुळाशी भादरून घेतो. माती उघडी पडते आणि तणाच्या बियांना आयता उजेड मिळतो. लव्हाळा तर ओढून काढण्यात अर्थच नाही. पात हातात येते, गाठी जमिनीत राहतात. व्याज उपटायचे आणि मुद्दल तसेच! तो खुरप्याने गाठींसकट खणावा लागतो, तोही पुन्हा पुन्हा.

बरे, तण म्हणायचे कशाला? श्रावणात आम्ही चौकाच्या कडेची हरळी पैसे देऊन उपटवतो आणि भाद्रपदात तिचीच एकवीस-एकवीसची जुडी बाजारातून विकत आणतो, कारण आता ती दूर्वा झालेली असते! टाकळ्याचेही तेच. आमच्या हिने परवा वीस रुपयांची जुडी आणली, तेव्हा चौकातला टाकळा माळी कचऱ्यात टाकत होता. गाजरगवत मात्र खरे शत्रू. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट काढावे. त्याबद्दल मी कमिटीच्या पुढे धावेन.

पण हे सारे परवडले असते. पाटी लागल्यापासून पोरे बाहेर रस्त्यावर खेळतात. गेल्या महिन्यात चेंडू रिक्षाखाली गेला आणि त्याच्यामागे पहिलीतला एक पोरगा. रिक्षावाल्याने ब्रेक दाबला म्हणून आमची सभा तणावर भरली. नाहीतर दुसऱ्याच कारणासाठी भरली असती. हे मी सभेत बोललो, तेव्हा मिनिटभर कोणी कोणाकडे पाहिले नाही.

माझा ठराव साधा होता. ऊन पडते त्या कडेला हरळी राहू द्या, उरलेली माती पोरांनी तुडवावी, पाटी काढा. चार मते पडली. त्यातले एक माळ्याचे. सावलीत हे गवत येत नाही, हे तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण तो सभासद नसल्यामुळे त्याचे मत बाद झाले.