डीफॉल्ट सेटिंग नेमकी कुणाच्या सोयीची?

पेशींच्या विभाजनात भाग घेणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक पूर्वी ‘सेप्ट-२’ या नावाने ओळखले जाई. जनुक आजही तेच आहे, पण नाव बदलावे लागले. कारण वैद्यकीय नव्हते. हे नाव एक्सेलच्या रकान्यात भरले की संगणक त्याला २ सप्टेंबर समजे आणि काहीही न विचारता तिथे तारीख लिहून मोकळा होई. ‘मार्च-१’ या जनुकाची तीच गत होती.

ही अडचण २००४मध्येच एका शोधनिबंधात मांडली गेली होती. २०१६मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १८ नियतकालिके तपासली. ज्या लेखांसोबत जनुकांच्या एक्सेल याद्या होत्या, त्यांतील सुमारे एक पंचमांश लेखांत अशा चुका आढळल्या. अखेर जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने माघार घेतली आणि २७ मानवी जनुकांची नावे बदलली. ‘सेप्ट-२’चे ‘सेप्टिन-२’ झाले. नव्या नियमांत ही बाब २०२०मध्ये जाहीरही झाली. तारखेचे हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्ये दिली ती २०२३मध्ये.

‘संशोधकांनीच काळजी घ्यायला हवी होती, रकाना आधी “टेक्स्ट” करून घ्यायचा’, असे म्हणता येईल. पण हजारो ओळींची फाइल उघडताच बदल होई, सूचना मिळत नसे आणि तशीच फाइल सेव्ह झाली की मूळ नाव पुसले जाई. बँक खात्याच्या क्रमांकातील सुरुवातीचे शून्य असेच गायब झालेले हिशेबनीसांनी पाहिलेले असते. बहुसंख्य लोकांना तारीखच लिहायची असते, म्हणून तारखेचे डीफॉल्ट ठेवणे चूक नाही. ते बदलण्याची सोय १९ वर्षे न देणे ही चूक आहे.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांना हा धडा नवा नाही. प्रोग्रॅमरने लिहिलेल्या कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करण्याला ‘बिल्ड’ म्हणतात. तिथे अनेक साधनांत सेटिंगची उतरंड असते : सर्वांत खाली निर्मात्याचे डीफॉल्ट, त्यावर संस्थेची सेटिंग आणि सर्वांत वर वापरकर्त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट. शब्द शेवटच्याचा चालतो. डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या नियमावलीत तर स्पष्ट म्हटले आहे की, नवी आवृत्ती बसवताना वापरकर्त्याने सेटिंगच्या फाइलमध्ये केलेले बदल जपलेच पाहिजेत.

पण प्रत्येकाच्या मर्जीवर सोडले की प्रश्न सुटतो असेही नाही. एक्सेलची नवी सोय ज्याच्या त्याच्या संगणकापुरती आहे. एकाने तारखेचे रूपांतर बंद केले आणि तीच साधी मजकुराची फाइल सहकाऱ्याने डीफॉल्ट सेटिंगवर उघडली, तर चूक पुन्हा हजर. बिल्डच्या जगात याला उत्तर शोधले गेले : सेटिंग एखाद्याच्या संगणकात न ठेवता प्रकल्पाच्या फाइलींसोबतच लिहून ठेवायची. ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड’ची चळवळ याच्याही पुढे जाते. तोच कोड, तीच साधने आणि त्याच सेटिंगा दिल्या, तर कोणत्याही संगणकावर हुबेहूब तोच प्रोग्रॅम तयार व्हावा, असा तिचा आग्रह आहे.

प्रयोगशाळा, रुग्णालये आणि आरोग्य खाती आज निदानापासून साथीच्या आकडेवारीपर्यंत सगळे सॉफ्टवेअरवर सोपवत आहेत. त्यांनी खरेदीच्या वेळी किमतीबरोबर तीन प्रश्न विचारायला हवेत. आधीपासून लावलेल्या सेटिंगा कोणत्या? त्या आम्हाला बदलता येतात का, आणि अपडेटनंतर टिकतात का? निकालासोबत त्या सेटिंगांची नोंद राहते का? डीफॉल्ट म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने आधीच घेतलेला निर्णय असतो. दुकानाच्या हिशेबाला सोयीचा निर्णय रुग्णाच्या जनुकांच्या यादीला सोयीचा असेलच असे नाही. हे तीन प्रश्न न विचारता सही करणे म्हणजे तो निर्णय डोळे मिटून मान्य करणेच आहे.