पवनीचे रिकामे आसन आणि आमचा देव्हारा

धम्मदीक्षा घेतली म्हणजे घर बौद्ध झाले, असा एक सोयीस्कर समज आमच्या समाजात रूढ होऊ पाहत आहे. भिंतीवरचा महादेव उतरला आणि त्याच खिळ्यावर तथागतांची तसबीर चढली. मातामायचा नवस बंद झाला. परंतु मुलाच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून ‘एवढा पोराला पास कर’ अशी विनवणी सुरू झाली. खिळा तोच, हात जोडण्याची रीत तीच, मागणेही तेच. बदलले ते केवळ चित्र. याला कोणी धर्मांतर म्हणत असेल तर त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. आणि हा विरोध नोंदविण्यासाठी दूरदेशीच्या पंडितांचे दाखले शोधण्याचीही आवश्यकता नाही. भंडारा जिल्ह्याच्या भूमीतून निघालेले दगडच या बाबतीत साक्षीला उभे आहेत.

वैनगंगेच्या काठचे पवनी हे गाव आज पुष्कळांना ठाऊक आहे ते तालुक्याचे ठिकाण म्हणून, फार तर जवळच्या गोसीखुर्द धरणामुळे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीच्या पोटातून विटांचा एक प्रचंड स्तूप प्रकट झाला. त्याचा प्रारंभ मौर्यकाळापर्यंत मागे जातो. पुढील काळात तो वाढविला गेला, त्याच्या भोवती कोरीव दगडी कठडा उभा राहिला. व्यासाने तो सांचीच्या महास्तूपालाही मागे टाकतो. चांडकापूरच्या टेकडीवर दुसऱ्या स्तूपाचे अवशेष मिळाले. आता या टेकड्यांची नावे पाहा. एकीला जगन्नाथाचे नाव, दुसरीला सुलेमानाचे. ज्याच्या नावाने त्या टेकड्या मुळात उभ्या राहिल्या त्या बुद्धाचे नाव लोकांच्या तोंडी एकीलाही उरले नाही. आमच्या पूर्वजांचे नेमके हेच झाले होते.

‘तुमचा हा धर्म काल आणलेला, नागपुरात एका दिवसात उरकलेला’ असे हिणविणारे आजही गावोगाव भेटतात. त्यांना एवढेच सांगावे की दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी याच वैनगंगेच्या काठी लोक स्तूपाला प्रदक्षिणा घालीत होते. यापेक्षा जास्त वेळ त्यांच्यासाठी खर्चू नये. आमचे खरे भांडण बाहेरच्यांशी नाही. आमच्याच घरातील देव्हाऱ्याशी आहे.

पवनीच्या त्या कठड्याच्या स्तंभांवर काय कोरले आहे? बोधिवृक्ष आहे, स्तूप आहे, हात जोडून उभे असलेले उपासक आहेत, आसन आहे. पण त्या आसनावर कोणी नाही. बुद्धाची मानवी आकृती तेथे कोरलेली नाही. भारहूत आणि सांची येथील प्राचीन शिल्पांतही हाच प्रकार आढळतो. असे का केले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत आणि शिल्पकाराच्या मनातील हेतू दगड काही सांगत नाही. परंतु त्या रिकाम्या आसनासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाने काय शिकावे, हे ठरविण्याचा अधिकार आम्हांला आहे. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आपल्या गादीवर कोणाला बसविले नाही; धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे त्यांनी भिक्खूंना सांगितले. आसन रिकामे आहे, म्हणून त्याच्यापुढे काही मागता येत नाही. ज्याने या आसनावर बसून सत्य शोधले त्याने माझ्या जागी काय केले असते, एवढा एकच प्रश्न तेथे विचारता येतो, आणि त्याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या आचरणात द्यावयाचे असते.

आमच्या लिहिण्याचा कोणी विपर्यास करू नये. मूर्तीशी आमचे वैर नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथील विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. डोळे मिटलेल्या त्या शांत मुखाकडे पाहून संतापलेला बाप मुलावर उगारलेला हात खाली घेत असेल, तर त्या मूर्तीने आपले काम केले. आमचा विरोध मूर्तीपुढे पदर पसरण्याला आहे, मुहूर्त पाहून विहाराचा पाया खणण्याला आहे, विहारातील मूर्ती शेजारच्या गावापेक्षा हातभर उंच असावी या ईर्षेला आहे. बावीस प्रतिज्ञांपैकी, बुद्ध हा विष्णूचा अवतार होय हे मी मानत नाही, ही प्रतिज्ञा सर्वांना पाठ असते. पण बुद्धाला विष्णूसारखे वागविणार नाही, ही तिची दुसरी बाजू किती घरांत ध्यानी घेतली जाते?

याच्या अगदी उलट टोकाला आमचे काही सुशिक्षित तरुण गेले आहेत. त्यांचे म्हणणे असे की जातककथा, नागराज, देवदूत हे सारे थोतांड आहे. बुद्धिवादी माणसाने ते फेकून द्यावे. हा बुद्धिवाद नव्हे, आळस आहे. बाबासाहेबांनी दंतकथा फेकल्या नाहीत, त्या तपासल्या. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरेतील गोष्ट त्यांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कोणाला पटावे? ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या भांडणात दाखविले. शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने विरोध केला. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. त्याने युद्धात सामील होण्याचे नाकारले आणि परिव्राजक होण्याची शिक्षा स्वीकारली. हे प्रकरण लिहिणाऱ्या बाबासाहेबांना मतदानातील पराभव म्हणजे काय हे ग्रंथ वाचून कळलेले नव्हते. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच भंडारा मतदारसंघात त्यांनी तो पत्करला होता. ज्यांनी त्या वेळी आपले मत त्यांच्या पारड्यात टाकले ते भंडारा जिल्ह्यातील आमचे आजोबा-पणजोबा आज हयात नाहीत. पण त्यांच्या नातवंडांनी शाक्य संघाचे ते प्रकरण एकदा तरी या दृष्टीने वाचावे. पाण्याच्या वादाचे तर काय सांगावे? ज्यांची गावे गोसीखुर्दच्या जलाशयाखाली गेली, किंवा ज्यांचे शेत कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहे, त्यांना रोहिणीची कथा जुनी वाटण्याचे कारण नाही.

आता पुन्हा पवनीच्या स्तंभाकडे येऊ. तेथील एका शिल्पाने आमचे लक्ष सर्वांत अधिक वेधले. रिकामे आसन आहे आणि त्याच्यावर पाच फण्यांच्या नागाने छत्र धरले आहे. हा नागराज मुचलिंद. त्याचे नावही ब्राह्मी अक्षरांत तेथे कोरलेले आहे. कथा अशी की, संबोधी प्राप्त झाल्यानंतरच्या आठवड्यांत तथागत एका वृक्षाखाली बसले असता अकाली ढग दाटून आले आणि सात दिवस झड लागली. थंडी, वारा, डास, सरपटणारे प्राणी यांचा त्यांना उपद्रव होऊ नये म्हणून मुचलिंदाने आपल्या शरीराचे सात वेढे त्यांच्याभोवती घातले, वर फणा धरली. आणि आकाश निवळल्यावर वेढे सोडून तो तरुणाच्या रूपाने नमस्कार करून पुढे उभा राहिला.

बुद्धिवादी मित्र विचारतील, साप कधी छत्र धरतो काय? धरत नाही. पण नाग म्हणजे साप, असे आम्हांला कोणी शिकविले? १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी हे शहर का निवडले ते सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला. बौद्ध धर्माचा प्रसार करणारे हे लोक या भागात राहत होते, हे त्यांनी लाखोंच्या समुदायापुढे मांडले. त्या वेळी पवनीचे उत्खनन झालेले नव्हते. पुढे तेरा-चौदा वर्षांनी नागपूरच्याच शेजारच्या जिल्ह्यात नागराजाचे शिल्प जमिनीबाहेर आले, हा योगायोग आहे. केवळ त्यावरून इतिहास सिद्ध झाला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कथेचा अर्थ लावताना तो विसरणारही नाही.

मुचलिंदाच्या कथेत एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. झड चालू होती तोवर नागाने वंदना केली नाही. त्याने आसरा दिला. वंदना केली ती पाऊस थांबल्यानंतर. आधी रक्षण आणि मग नमस्कार, हा या शिल्पातील क्रम आहे. आमच्याकडे तो उलटा झाला आहे.

२९ सप्टेंबर २००६ ही तारीख या जिल्ह्यातील कोणत्याही बौद्ध घराला नव्याने सांगावी लागू नये. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात एका बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची जमावाने हत्या केली. गावात बौद्धांची घरे बोटांवर मोजण्याइतकी होती. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले व त्यांपैकी सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. जातीय अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप मात्र मान्य झाला नाही. मोर्चे निघाले, विदर्भात आणि विदर्भाबाहेर लोक रस्त्यावर उतरले, तो संताप रास्त होता. पण तो सारा पाऊस पडून गेल्यानंतरचा. त्या सायंकाळी, त्या झोपडीभोवती वेढा घालणारा मुचलिंद कोण होता? गाव तर नव्हतेच. पण आमच्या संघटना, आमचे पुढारी, चार-सहा कोसांवरचे आमचे नातेवाईक, यांच्यापैकीही त्या घराला धोका आहे हे आधी ओळखून कोणी तेथे पोहोचले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो की ज्या तालुक्यात विहार आहे त्या विहारात एक वही असावी. एकटे पडलेले बौद्ध घर कोणत्या गावात आहे, कोणाच्या शेतीचा वाद चालू आहे, कोणी पोलिसांकडे तक्रार दिली आणि ती नोंदली गेली की नाही, हे त्या वहीत लिहावे. दर पौर्णिमेला वंदनेआधी ती वही वाचावी. आणि ज्या घरावर ढग दिसतील तेथे चार माणसांनी दुसऱ्या दिवशी जावे. वकिलाचा पत्ताही तीत असावा. पवनीजवळ रुयाड येथे या शतकात जपानी बौद्धांच्या साहाय्याने महासमाधिभूमीचा भव्य स्तूप उभा राहिला आहे. तेथे जाणाऱ्या उपासकांनी अवश्य जावे, पण वाट थोडी वाकडी करून जगन्नाथ टेकडीही पाहावी, आणि घरी परतताना ही वही आपल्या विहारात आहे काय, एवढे विचारावे.

राहिली एक गोष्ट, आणि ती तातडीची आहे. प्राचीन स्तूप एका राजाच्या खजिन्यातून पूर्ण झाले नाहीत. दान देणाऱ्यांनी आपली नावे दगडावर कोरविली. पवनीला ती ब्राह्मी अक्षरांत मिळाली. सांचीला तर गृहस्थ, गृहिणी, भिक्खुणी, विदिशेचे हस्तिदंताचे कारागीर, अशा सामान्य माणसांच्या नावांची दाटी आहे. त्यांना आपले नाव लपवावेसे वाटले नाही. आणि आम्ही? घरात त्रिसरण म्हणणारे पुष्कळजण सरकारी कागदावर धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहवून घेतात. कारण विचारले तर म्हणतात, सवलत जाईल, मुलांची नोकरी जाईल.

ही भीती एके काळी खरी होती. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता, १९५६ साली शिखांना तो मिळाला, आणि बौद्ध झालेले आमचे लोक केंद्राच्या सवलतींना मुकले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर येथील सरकारने आपल्या अखत्यारीत सवलती दिल्या, तरी दिल्लीचा दरवाजा बंदच होता. तो १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन उघडला. तेव्हापासून अनुसूचित जातीचा माणूस बौद्ध झाला म्हणून त्याचा तो दर्जा जात नाही. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, कायदा बदलला, आणि आमची भीती मात्र जुन्याच कायद्याला धरून बसली आहे. तिचा फायदा कोणाला होतो हे सांगण्याची गरज नाही.

जनगणना २०२७ मध्ये धर्माबरोबर जातही विचारली जाणार आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी द्यावयाची आहेत. जातीच्या प्रश्नाला आपल्या दाखल्यावर जी जात आहे ती सांगावी. धर्माच्या प्रश्नाला ‘बौद्ध’ असे सांगावे. प्रगणक आडनावावरून तर्क करून स्वतःच काही नोंदवीत असेल तर त्यास थांबवावे. घरातील पुरुष शेतावर असेल तर स्त्रीने हे उत्तर द्यावे, आणि नोंद झाल्यावर ती तिला वाचून दाखविण्यास सांगावे.