वृत्तविश्लेषण : ४० अंशांच्या निकषात न बसणारी उष्णता

बंगळुरू, ८ एप्रिल : राजस्थानच्या वाळवंटी पट्ट्यातील बाडमेर येथे रविवारी, ६ एप्रिल २०२५ रोजी कमाल तापमान ४५.६ अंश सेल्सिअसवर पोहोचले. सरासरीपेक्षा ते ६.८ अंशांनी अधिक असून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातील तेथील आजवरचा हा उच्चांक आहे. मे महिन्यात अपेक्षित असलेले ऊन वाळवंटाने त्या वर्षी कित्येक आठवडे आधीच अनुभवले. त्याची देशभर दखल घेतली जात असताना, उष्णता नेमकी कोणत्या मापाने मोजायची, हा प्रश्न दक्षिणेतील बंगळुरूसारख्या शहरासाठी अधिक महत्त्वाचा ठरतो.

बाडमेरचे या दिवसांतील सरासरी कमाल तापमान सुमारे ३९ अंश आहे. बंगळुरूच्या शहर वेधशाळेतील आजवरचा उच्चांक ३९.२ अंशांचा असून तो एप्रिल २०१६ मध्ये नोंदवला गेला. म्हणजेच बाडमेरमध्ये एप्रिलचा जो नेहमीचा दिवस मानला जाईल, तो बंगळुरूच्या नोंदींतील सर्वांत तप्त दिवस ठरतो.

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७, तर डोंगराळ भागासाठी ३० अंश आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील पठारावर वसलेले बंगळुरू या चौकटीत नीट बसत नाही. ते डोंगरी गाव नाही, किनाऱ्यावरचे शहरही नाही. आणि मैदानी मर्यादा लावली तर त्याच्या वेधशाळेने ४० चा आकडा कधी गाठलेलाच नाही.

याचा अर्थ शहराला उष्णतेची झळ बसत नाही, असा मात्र नव्हे. २८ एप्रिल २०२४ रोजी येथे ३८.५ अंश तापमान नोंदवले गेले. त्या संपूर्ण महिन्यात शहर वेधशाळेत मोजण्याजोगा पाऊस झाला नाही. असे सुमारे चार दशकांनंतर घडले. एरवी वळवाच्या सरी दुपारचा ताप उतरवतात, तो दिलासाही मिळाला नाही. त्याआधी मार्चमध्येच शहरातील सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याची माहिती राज्य सरकारने दिली होती. पिण्याचे पाणी वाहने धुण्यासाठी वा बागकामासाठी वापरल्यास पाच हजार रुपये दंड लागू झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी पाणीपुरवठा योजनेचा पाचवा टप्पा सुरू होऊन दररोज ७७.५ कोटी लिटर पाण्याची भर पडली. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्येच दंडाचा तोच आदेश पुन्हा काढावा लागला.

चाळिशीखालची उष्णता किती घातक ठरू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार सोहळ्यासाठी तासन् तास उन्हात बसलेल्या श्रीसदस्यांपैकी १४ जणांचा मृत्यू झाला. जवळच्या हवामान केंद्रावरील नोंद ३८ अंशांच्या आसपास होती. हवेतील दमटपणा, सावलीचा अभाव आणि गर्दी यांचा परिणाम केवळ तापमापकावरील आकड्यातून कळत नाही.

हंगामाच्या आरंभीची उष्णता अधिक धोकादायक असण्यामागे शरीरशास्त्रीय कारण आहे. वाढत्या तापमानाशी जुळवून घेण्यास मानवी शरीराला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. ऊन अचानक वाढल्यास हा अवधी मिळत नाही. २०२५ चा फेब्रुवारी हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कोकण व गोव्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. त्यामुळे हा अवधी सर्वत्रच कमी होत असल्याचे दिसते.

वाळवंटाने उन्हाशी पिढ्यान् पिढ्या जुळवून घेतले आहे. जाड भिंती, अरुंद गल्ल्या, पावसाचे पाणी साठवणारी टाकी, पहाटे व सायंकाळी कामे उरकण्याची रीत, हे सारे त्यातूनच आले. बंगळुरूची घरे मात्र पंख्याचीही फारशी गरज नसलेल्या हवामानासाठी बांधली गेली. शहराला गारवा देणारी तळीही बुजत गेली. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे, तर संपंगी तलावाच्या जागी कंठीरवा क्रीडांगण. काँक्रीट आणि काचेच्या इमारती दिवसभर शोषलेली उष्णता रात्री बाहेर टाकतात. त्याचा सर्वाधिक त्रास पत्र्याच्या छपराखाली राहणारे बांधकाम मजूर, फेरीवाले आणि दुचाकीवरून घरपोच वस्तू पोहोचवणारे कामगार यांना होतो.

प्रशासकीय उपाययोजनाही बहुतांशी आकड्यांच्या मागे जातात. कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये एप्रिल व मे महिन्यांसाठी कलबुर्गी विभागातील सात जिल्हे तसेच विजयपुरा आणि बागलकोट येथील सरकारी कार्यालयांची वेळ सकाळी आठ ते दुपारी दीड अशी केली होती. तेथील ऊन पाहता हा निर्णय योग्यच होता. मात्र कार्यालयाबाहेर काम करणाऱ्यांना त्याचा लाभ नव्हता आणि राजधानी या यादीबाहेर होती. शिवाय २०२५ मध्ये केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत उष्णतेच्या लाटेचा समावेश नव्हता. राज्यांना स्थानिक आपत्ती म्हणून आपत्ती प्रतिसाद निधीतील कमाल दहा टक्के रक्कम वापरता येते. तमिळनाडूने २०२४ मध्ये हा मार्ग स्वीकारला.

देशभरासाठी समान निकष असण्याचे फायदे नाकारता येत नाहीत. त्यामुळे नोंदींची तुलना शक्य होते आणि वारंवारच्या इशाऱ्यांनी लोक बेफिकीर होण्याचा धोका टळतो. परंतु हवामानशास्त्रीय व्याख्या आणि आरोग्याचा इशारा या दोन गोष्टी एकच असण्याची गरज नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार करताना शहरातील तापमान आणि मृत्यू यांचा संबंध तपासून स्वतःच्या इशारा-पातळ्या ठरवल्या होत्या. बंगळुरूलाही रात्रीचे तापमान, आर्द्रता आणि रुग्णालयांतील नोंदी यांच्या आधारे अशी पातळी निश्चित करता येईल. ती ४० अंशांच्या बरीच खाली असण्याची शक्यता आहे. मात्र ती ठरल्याशिवाय दुपारची कामे कधी थांबवायची, पाणपोया कुठे उभारायच्या आणि रुग्णालयांना केव्हा सज्ज ठेवायचे, याचे निर्णय दरवर्षी उशिराच होत राहतील.