दोन किल्ल्या, दोन हात



रेल्वे आणि टपाल खात्यातील कामगाराचे जवळजवळ सगळे हक्क आता मोबाइलच्या पडद्याआड गेले आहेत. २०२० पासून रेल्वेचा पास एच.आर.एम.एस.वर निघू लागला, पी.एफ. ॲडव्हान्सचा अर्जही तिथेच गेला. पगारपत्रक मोबाइलवर आले, दवाखान्याचे कार्डही आले. टपाल खात्यात २०२५ मध्ये नवी संगणक प्रणाली देशभर लागू झाली. काउंटरवर केलेली प्रत्येक नोंद कोणाच्या ना कोणाच्या यूजर आयडीखाली जमा होते. निवृत्त बांधवांचा हयातीचा दाखला २०१४ पासून जीवन प्रमाणवर देता येतो. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीची कमाई ज्या दाराआड आहे, त्या दाराला कुलूप कसले आहे, हा प्रश्न म्हणूनच संघटनेचा प्रश्न झाला आहे.

या दाराला एका किल्लीचे कुलूप पुरत नाही. त्याला दुसरे कुलूप लावण्याची जी सोय असते तिला संगणकवाले टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन म्हणतात. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ती बहुधा टू-स्टेप व्हेरिफिकेशन या नावाने सापडते. आपण तिला दुहेरी पडताळणी म्हणू. नाव नवे असले तरी कल्पना आपल्या रोजच्या कामातली आहे. रिले रूमच्या दाराला दोन कुलपे असतात. एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नल मेंटेनरकडे. दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय दार उघडत नाही, आणि उघडले की रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते. जून २०२३ मध्ये बहानगा बाजारचा भीषण अपघात झाला, त्यानंतर रेल्वे बोर्डाने ही दुहेरी कुलपे देशभर तपासायला लावली. टपाल खात्यातील बांधवांना हेड ऑफिसची तिजोरी ठाऊक आहे. ती पोस्टमास्तर आणि खजिनदार यांच्या संयुक्त ताब्यात असते. एक किल्ली चोराच्या हाती लागली तरी दार बंदच राहावे, एवढाच त्यामागचा हेतू.

मोबाइलवरील खात्याची पहिली किल्ली म्हणजे पासवर्ड. ती आपल्या डोक्यात असते. दुसरी किल्ली आपल्या हातात असते, म्हणजे बहुधा आपला फोन. पासवर्ड चोरीला जाणे फार सोपे आहे. आपण एकच पासवर्ड पाच-सहा ठिकाणी वापरतो. त्यातल्या एका कंपनीची माहिती फुटली की बाकीची दारेही उघडी पडतात. काहींचा पासवर्ड म्हणजे मुलाचे नाव आणि जन्मसाल; तो तर ओळखीचा माणूसही हुडकून काढील. पण परमुलखात बसलेल्या चोराला पासवर्ड कळला, तरी आपल्या खिशातला फोन त्याच्याकडे नसतो. तिथे त्याची वाट अडते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरील कार्डाच्या खरेदीला १ ऑगस्ट २००९ पासून ही दुसरी पायरी सक्तीची केली. रेल्वेच्या ऑनलाइन तत्काळ तिकिटालाही जुलै २०२५ पासून आधारशी जोडलेला ओ.टी.पी. लागू लागला.

दुसरी किल्लीही एकाच जातीची नसते. एस.एम.एस.ने येणारा ओ.टी.पी. सर्वांना परिचित आहे. तो सोयीचा आहे, पण सिमकार्डावर अवलंबून आहे. कोणी खोट्या कागदांवर आपल्या नंबरचे दुसरे सिम काढले तर ओ.टी.पी. त्याच्याकडे जातो. आपला फोन अचानक ‘नो सर्व्हिस’ दाखवू लागला आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज असेल, तर ताबडतोब कंपनीकडे चौकशी करावी. यापेक्षा पक्की सोय म्हणजे ऑथेंटिकेटर ॲप. त्यात दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी क्रमांक तयार होतो. तो बाहेरून येत नाही. सुरुवातीला फोनमध्ये साठवलेली गुप्त खूण आणि घड्याळातली वेळ यांवरून फोनच तो काढतो. त्यामुळे घाटात, बोगद्याजवळ किंवा रेंज नसलेल्या गेटवरही तो चालतो. सगळीकडे ही सोय नसते, पण ई-मेलला आहे, आणि ई-मेललाच ती आधी लावली पाहिजे. ‘पासवर्ड विसरलो’ असे कळवले की नवा पासवर्ड करण्याची वाट बहुतेक ठिकाणी ई-मेलमधूनच जाते. ज्याच्या हाती आपला ई-मेल, त्याच्या हाती आपली बाकीची खाती.

आता खरे दुखणे. ही दुहेरी कुलपे सहसा तोडली जात नाहीत. आपल्याकडूनच उघडून घेतली जातात. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: फोन आला, समोरचा गोड बोलला, आणि आपल्या माणसाने क्रमांक वाचून दाखवला. निवृत्त बांधवाला सांगतात, ‘तुमचा हयातीचा दाखला अपुरा आहे, पेन्शन थांबेल.’ नोकरीतल्याला सांगतात, ‘थकबाकी मंजूर झाली आहे, खाते तपासायचे आहे.’ पार्सलचा पत्ता अपुरा असल्याचे खोटे संदेश तर टपाल खात्याच्या नावाने देशभर फिरले. ओ.टी.पी. मागणारा साहेब असो, बँकेचा असो की पेन्शन कार्यालयाचा असो, तो चोर आहे असेच समजावे. सिग्नल मेंटेनर आपली किल्ली फोनवर बोलणाऱ्या अनोळखी माणसाच्या स्वाधीन करील काय? मग आपण का करावी? तसेच पगारवाढीचा हिशेब किंवा पासची दुरुस्ती अशा नावाने व्हॉट्सॲपवर एखादी ए.पी.के. फाइल आली तर ती उघडू नये. अशी फाइल फोनमध्ये शिरली की ओ.टी.पी. आपण सांगायचीही गरज उरत नाही. तीच तो वाचून चोराकडे पाठवते.

पण सगळा दोष कामगाराच्या माथी मारून प्रशासनाला हात झटकता येणार नाहीत. ‘हा क्रमांक कोणाला सांगू नका’ ही सूचना ज्या संदेशात असते, तो संदेश बहुधा इंग्रजीत येतो. भुसावळचा असो की बदलीवर इटारसीला किंवा सिकंदराबादला गेलेला असो, सातवी-आठवी शिकलेला ट्रॅकमन तो कसा वाचणार? तो फोन दुसऱ्याच्या हाती देतो. पासचा अर्ज ऑफिसातल्या ओळखीच्या बाबूकडून किंवा स्टेशनबाहेरच्या दुकानातून भरून घेतो, आणि आयडी, पासवर्ड, ओ.टी.पी. तिन्ही त्याला सांगतो. कुलपे दोन, पण किल्ल्या एकाच माणसाच्या हाती, आणि तो माणूस परका. ही सवय लागली ती शिकवणारे कोणी नव्हते म्हणून.

कार्यालयांतली स्थिती याहून गंभीर आहे. टपाल काउंटरवर एकाने व्यवहार नोंदवायचा आणि वरच्याने तो तपासून मंजूर करायचा, अशी बँकिंग प्रणालीची रचना आहे. तीही दोन किल्ल्यांचीच व्यवस्था. पण पदे रिकामी, एकाच्या अंगावर तिघांचे काम आणि बाहेर ग्राहकांची रांग. अशा वेळी ‘माझा पासवर्ड घे आणि काम उरक’ असे सर्रास घडते. तंत्राने दोन माणसे मागितली, प्रशासनाने एकच दिला. पुढे अपहार उघडकीस आला की चौकशी अधिकारी गर्दी पाहत नाही, रिक्त पदे पाहत नाही. आयडी कोणाचा एवढेच पाहतो. सी.सी.एस. (सी.सी.ए.) नियम, १९६५ च्या नियम ११ खाली निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान पगारातून वसूल करता येते. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांतही तशीच तरतूद आहे. एक पैसाही न खाल्लेला माणूस मैत्रीपोटी दिलेल्या पासवर्डापायी वर्षानुवर्षे हप्ते भरत बसतो. म्हणून आमचे स्पष्ट सांगणे आहे: आपला आयडी कोणालाही देऊ नका, दुसऱ्याचा वापरू नका. साहेबाने तोंडी सांगितले तर आदेश लेखी मागा, आणि तो मिळाला नाही तर शाखा सचिवाला त्याच दिवशी कळवा.

प्रत्येक सभासदाने या महिन्यात पुढील कामे पुरी करावीत.

१. ई-मेल आणि व्हॉट्सॲप यांची दुहेरी पडताळणी आजच चालू करावी. बँकेचा आणि ई-मेलचा पासवर्ड वेगवेगळा ठेवावा.

२. दुहेरी पडताळणी चालू केल्यावर ई-मेल कंपनी अडचणीच्या वेळी वापरायचे काही बॅकअप कोड देते. ते कागदावर उतरवून सर्व्हिसच्या कागदपत्रांबरोबर घरी ठेवावेत. फोन हरवला तर स्वतःच्याच खात्याबाहेर राहण्याची पाळी येत नाही.

३. बँक, पी.एफ. आणि आधार यांना स्वतःचा कायमचा नंबर जोडावा. सी.यू.जी. नंबर जोडू नये. तो पदाचा असतो. बदली किंवा निवृत्ती झाली की पुढच्या माणसाकडे जातो आणि आपले ओ.टी.पी.ही त्याच्याकडे जाऊ लागतात. परप्रांतात बदलीवर गेल्यावर जुने सिम टाकून देणाऱ्यांनीही सावध राहावे. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते.

४. लोको पायलट बांधवांचा फोन गाडीवर बंद असतो. त्यांनी रनिंग रूममध्ये पोहोचताच बँकेचे संदेश पाहण्याची सवय लावावी. ओ.टी.पी. कोणाला सांगायचा नाही, हे घरच्यांनाही समजावून द्यावे.

५. फोन हरवला तर आधी सिम बंद करावे. मग पोलिसांत तक्रार नोंदवून संचार साथी पोर्टलवरून हँडसेटही बंद करून घ्यावा.

एवढे करूनही पैसे गेले तर लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्यापूर्वी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून तासाला महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात बँक खात्यांपुरते तत्त्व घालून दिले ते असे: दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा फसवणुकीत बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाला झळ लागता कामा नये. ग्राहकाने स्वतः ओ.टी.पी. सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. आणि ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. पुढे या नियमांची फेरमांडणी झाली आहे, तेव्हा आपल्या बँकेचे आजचे धोरण लेखी मागून घ्यावे. ‘तुम्हीच नंबर सांगितला असणार’ एवढे बोलून शाखेने वाटेला लावले, तर तिथून परत फिरू नये.

प्रशासनाकडे आमच्या मागण्या अशा आहेत. पास, पी.एफ. आणि पेन्शनविषयीचे सर्व संदेश कर्मचाऱ्याच्या भाषेत आले पाहिजेत. मराठी माणसाला मराठीत, तमिळ माणसाला तमिळमध्ये. दुहेरी पडताळणीचे शिक्षण गँग, डेपो, लॉबी, सॉर्टिंग ऑफिस आणि शाखा डाकघर येथे, ड्यूटीच्या वेळेत दिले जावे. नोटीस बोर्डावर परिपत्रक डकवले म्हणजे शिकवले असे होत नाही. खात्याच्या कामासाठी फोन लागत असेल तर खर्च खात्याने सोसावा, आणि ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याचा कागदी अर्ज नाकारला जाऊ नये. जिथे प्रणालीला दोन आयडी लागतात तिथे दोन माणसे नेमली जावीत. आणि आयडीच्या गैरवापरावरून आरोपपत्र दिले, तर लॉगिन कोणत्या वेळी, कोणत्या यंत्रावरून झाले याची पूर्ण नोंद बचाव प्रतिनिधीला मिळालीच पाहिजे. हे विषय रेल्वेत पी.एन.एम.च्या आणि टपाल खात्यात जे.सी.एम.च्या बैठकीत लावून धरण्यासाठी शाखांनी आपापल्या ठिकाणची उदाहरणे लेखी पाठवावीत.

मागण्या मान्य व्हायला वेळ लागेल; चोर तोपर्यंत थांबणार नाही. म्हणून प्रत्येक शाखेने पगाराच्या आठवड्यात एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. ज्या तरुण साथींना हे येते त्यांनी दहा-दहा जणांना बरोबर घ्यावे, विशेषतः निवृत्तीला आलेल्यांना आणि निवृत्त झालेल्यांना. शिकवणाऱ्याने एक पथ्य पाळावे: दुसऱ्याचा फोन आपल्या हातात घेऊ नये. शेजारी बसून सांगावे, बटण मात्र ज्याचे त्याने दाबावे, पासवर्ड ज्याचा त्याने टाकावा आणि त्या वेळी आपण मान वळवावी. किल्ली ज्याची त्याच्याच हाती राहिली, तरच शिकवणे कामी आले म्हणायचे.

कामगार एकजुटीचा विजय असो!